एक गोळी, मग चार

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. नवतपा लागला होता आणि संध्याकाळचे साडेसहा वाजले तरी रस्त्यातून वाफ निघत होती. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले होते. लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एकच बल्ब, कूलर बंद, काउंटरची काच हात ठेवला तर चटका बसेल इतकी गरम. माझ्या आधी एक मुलगी उभी होती. तोंडाला दुपट्टा बांधलेला, आपल्याकडे उन्हाळ्यात सगळ्याच मुली बांधतात तसा, फक्त डोळे दिसत होते. ती काही बोललीच नाही, मोबाइल दुकानदारासमोर धरला. त्यानं स्क्रीन बघितली, तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "किती दिवस झाले?" ती म्हणाली, "दीड महिना... असेल." तो आत गेला आणि आला तेव्हा हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही, बिल दिलं नाही. पैसे गल्ल्यात टाकता टाकता म्हणाला, "आज एक. परवा चार." ती वळली, दोन पावलं गेली, परत आली आणि दुपट्ट्याच्या आतूनच विचारलं, "चारही एकदम गिळायच्या का?" तो म्हणाला, "त्यात लिहून आहे ना सगळं."

त्या गर्भपाताच्या गोळ्या होत्या आणि मला उत्तर माहीत होतं. एका वाक्याचं उत्तर होतं. मी पर्समध्ये सुट्टे पैसे शोधत राहिले.

तिनं ॲक्टिव्हा सुरू केली, एकदा बंद पडली, परत सुरू केली आणि गेली. मी गोळ्या घेऊन घरी आले, आईंना दिल्या, स्वयंपाक केला, जेवलो आम्ही, आणि रात्री गच्चीवर पडल्यावर ते "गिळायच्या का" डोक्यात फिरायला लागलं ते अजून थांबलं नाही. मी का बोलले नाही याची कारणं त्या रात्री स्वतःला बरीच देऊन बघितली. दुकानदार ओळखीचा आहे, आमचं अख्खं घर त्याला ओळखतं. तिला लाज वाटली असती. मी कोण सांगणारी, डॉक्टर थोडीच आहे. ही सगळी कारणं खरी आहेत आणि तरी खरं कारण ती नाहीत. खरं कारण असं की मी उत्तर दिलं असतं तर मला ते कसं माहीत हे तिथल्या दोघांना कळलं असतं.

२०१६ साल. मुलगा सव्वा वर्षाचा होता, सिझरचा टाका थंडीपावसात अजून ओढायचा, नवरा चंद्रपूरला पोस्टिंगवर, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मी अंगावर पाजत होते. पाळी मधे दोनदा येऊन गेली होती, तिसऱ्यांदा चुकली तेव्हा मी लक्षच दिलं नाही, कारण आपल्याकडे सगळ्याच बाया सांगतात ना की अंगावर पाजतेय तोवर दिवस जात नाहीत. ते खरं आहे पण अर्धं खरं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, दिवसरात्र फक्त आईच्याच दुधावर असेल आणि पाळी एकदाही परत आली नसेल, तर आणि तोवरच त्याचा भरवसा धरता येतो. माझं तर पोरगं वरणभात खात होतं. पहाटे पाच वाजता बाथरूममध्ये, बादली भरत असताना, नळाच्या आवाजात, त्या पट्टीवर दोन गुलाबी रेषा आल्या. दुसरी जरा फिकट होती म्हणून मी ती लाइटजवळ नेऊन कितीदा तरी बघितली. बादली भरून वाहायला लागली तरी मी बघतच होते.

नवऱ्याला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मागून ट्रकचे आवाज येत होते. मग म्हणाला, "दोघांना एकटी कशी करशील तू?" मला त्याचा राग आला, कारण त्यात ठेवायचं की नाही याचं उत्तर नव्हतं, आणि नंतर वाटलं की बरं झालं, उत्तर त्यानं दिलं असतं तर ते त्याचं झालं असतं. माझ्याकडे सांगण्यासारखं मोठं कारण नव्हतं. कुठला आजार नव्हता, पैशाची अगदीच ओढाताण नव्हती. रात्रीची झोप सव्वा वर्षापासून नव्हती, शरीर अजून माझं वाटत नव्हतं, आणि मला नको होतं. हे शेवटचे तीन शब्द मी नऊ वर्षांत पहिल्यांदा लिहून राहिली आहे.

इथं नागपुरातच, धंतोलीतल्या एका डॉक्टर मॅडमकडे गेले. धंतोलीत दर दुसरी बिल्डिंग दवाखान्याची, त्यामुळे ओळखीचं कोणी भेटलं तर दाताच्या डॉक्टरकडे आले होते म्हणून सांगता येतं, हे मी रिक्षातच ठरवून ठेवलं होतं. सोनोग्राफीच्या खोलीत भिंतीवर ती पाटी, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. स्क्रीनवर काळा ठिपका दिसला, शेंगदाण्याएवढाही नसेल, आणि त्याच्या आत त्याहून बारीक काहीतरी. मॅडम म्हणाल्या, "हे बघायचं एवढ्यासाठीच असतं की गर्भ पिशवीतच आहे ना. नळीत राहिला असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही, आणि बाई घरी थोडं रक्त गेलं म्हणून निश्चिंत बसते आणि तिकडे नळी फुटते." मग दिवस मोजले. मला वाटत होतं फार तर महिना झाला असेल. त्या म्हणाल्या, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं, प्रत्यक्ष गर्भ राहिला त्या दिवसापासून नाही, म्हणजे सहा आठवडे दोन दिवस. (त्या मुलीचं "दीड महिना असेल" हे कुठून मोजलेलं होतं? चुकलेल्या पाळीपासून मोजलं असेल तर तिचे दहा आठवडे होऊन गेलेले असतील, आणि या गोळ्या आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंतच देतात.) हिमोग्लोबिन बघितलं, रक्तगट बघितला, कारण आरएच निगेटिव्ह बाईला वेगळं इंजेक्शन लागू शकतं आणि अंगात रक्तच कमी असेल तर एवढा रक्तस्राव झेपत नाही. तांबी बसवलेली आहे का, दमा किंवा कशासाठी स्टेरॉइड चालू आहेत का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, सगळं विचारलं. फॉर्मवर सही करताना नर्सनं विचारलं, "मिस्टर नाही आले?" मॅडमनी मान वर न करताच सांगितलं, "अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची सही पुरते." मला तोवर खरंच माहीत नव्हतं की कायद्यानं नवऱ्याची सही लागतच नाही.

मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदाच्या मागे पेननं एक चित्र काढलं. उलटा टांगलेला जांब, पुण्यामुंबईकडे त्याला पेरू म्हणतात, तशी गर्भपिशवी. आतल्या बाजूला रेघा रेघा मारून अस्तर काढलं. म्हणाल्या, प्रोजेस्टेरॉन नावाचं एक हार्मोन असतं, ते हे अस्तर जपून ठेवतं, पिशवीला शांत ठेवतं आणि तिचं तोंड घट्ट बंद ठेवतं. ते आहे तोवर गर्भ टिकतो. पहिली गोळी मिफेप्रिस्टोनची, २०० मिलिग्रॅम. "एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात बघ, तसं ती करते. प्रोजेस्टेरॉन येतं, पण त्याच्या सगळ्या सीटवर हिचे रुमाल टाकलेले." मग अस्तर सुटायला लागतं, पिशवीचं तोंड मऊ होतं, आणि पिशवी पुढच्या औषधाला लवकर ऐकणारी होते. ही तयारी व्हायला वेळ लागतो, म्हणून मधे २४ ते ४८ तास थांबायचं. दुसरं औषध मिसोप्रोस्टॉल, २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या. त्यानं पिशवी आवळायला लागते, बाळंतपणात कळा येतात तशाच जातीच्या पण लहान कळा, आणि आतलं सगळं बाहेर पडतं. "आणि या चार गिळायच्या नाहीत. दोन या गालात, दोन त्या गालात, दात आणि गालाच्या मधे, अर्धा तास धरून ठेवायच्या. मग उरलंसुरलं पाण्याबरोबर गिळलं तरी चालतं." मी विचारलं, गिळल्या तर काय होतं? म्हणाल्या, एकदम गिळल्या की लिव्हरमधून जातात, असर लवकर येतो आणि लवकर उतरतो, दिवस जास्त झाले असतील तर काम अर्धवट राहण्याची शक्यता वाढते. तोंडातून हळूहळू रक्तात उतरल्या की असर टिकतो. जिभेखाली किंवा योनिमार्गातही ठेवतात, पण त्यांनी मला गालातच सांगितलं.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टला पिन मारलेला आहे. त्या रिपोर्टवर मशीननं आपणहून एक तारीख छापली होती, २४ एप्रिल २०१७.

पहिली गोळी मॅडमच्या समोरच घेतली, ३१ ऑगस्टला. त्याच्या आधी त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "विचार अजून चालू असेल तर आज घेऊ नको, घरी जा, आपल्याकडे थोडे दिवस आहेत. घेतली की मग मधे सोडायचं नाही." मी घेतली. काहीच झालं नाही. मळमळलं थोडं, पण ते आधीपासूनच होत होतं. घरी येऊन पोळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी पोळा होता, त्या वर्षी १ सप्टेंबरला आला होता. आईंनी पुरण शिजायला घातलं होतं आणि वेलदोड्याच्या वासानं माझ्या पोटात ढवळून येत होतं. एक गोळी आणि चार गोळ्या यांच्या मधला तो पोळ्याचा दिवस मला त्या सगळ्यातला सगळ्यात अवघड वाटतो, कळांच्या दिवसापेक्षाही. काही संपलेलं नव्हतं आणि परत फिरायचं नव्हतं. दुपारी मी पोराचा लाकडी नंदी सजवत बसले, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लहान पोरांचा लाकडी नंदीचा पोळा, म्हणून. त्याचा पहिलाच होता, आधीच्या वर्षी तो पाळण्यात होता. नंदीच्या शिंगांना मी सोनेरी कागद लावला, गळ्यात घुंगरांची दोरी बांधली, पाठीवर माझ्या जुन्या शालूच्या काठाची झूल शिवली. टाके अगदी बारीक घातले. एवढे बारीक टाके कशाला घालून राहिली, असं आईंनी जाता जाता विचारलं. मला काय सांगावं कळलं नाही. हात कशात तरी गुंतलेले पाहिजे होते आणि एका लेकराचं काहीतरी मन लावून करायचं होतं, एवढंच.

मारबतीच्या, म्हणजे तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी, २ सप्टेंबरला, दुपारी दोनला आई पोराला घेऊन निघाल्या. नंदीची दोरी त्याच्या हातात, चाक डगमगत होतं, कॉलनीतली सगळी पोरं अंगणात जमलेली, घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारे पैसे नाहीतर खाऊ, मागायचा. मी म्हणाले पोट दुखतंय, पाळी आलीय. दार लावलं, तासाभरापूर्वी दुखण्याची गोळी घेऊन ठेवली होती, सव्वादोनला चार गोळ्या गालात धरल्या. चव खडूसारखी, जरा कडवट, विरघळताना तोंडात पीठ झाल्यासारखं. मोबाइलला अर्ध्या तासाचा अलार्म लावला. बोलायचं नव्हतं, बोलायला कोणी नव्हतंही. बाहेर पोरांचा कल्ला आणि कुठल्या तरी टीव्हीवर मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या बातम्या चालू होत्या, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत". तीनच्या सुमाराला हुडहुडी भरली, एवढ्या दमट हवेत मी चादर घेऊन बसले. मॅडमनी सांगून ठेवलं होतं की थंडी वाजेल, थोडा ताप येईल, संडासला पातळ होईल, ते औषधाचंच असतं, घाबरू नको. मग कंबरेतून सुरू झालं. पाळीचं दुखणं असतं तसंच, पण कोणीतरी आतून पिळून काढतंय असं, लाटेसारखं यायचं, अगदी वर जायचं आणि सोडून द्यायचं. मला बाळंतपणाच्या कळा आठवल्या, माझ्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि मग सिझर झालं होतं, आणि एकदम जाणवलं की शरीराला दोन्हीतला फरक कळत नसेल. चारनंतर रक्त सुरू झालं. जांभळाएवढ्या गाठी पडत होत्या. पाचच्या पुढे एक मोठी कळ आली आणि काहीतरी सुटून गेल्यासारखं झालं, त्यानंतर कळा हळूहळू उतरत गेल्या.

मी बघितलं. बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. लाल गाठींमध्ये पांढुरकं, मऊ, नखाएवढं काहीतरी होतं. बाळ दिसेल अशी भीती होती, आणि सांगते, तसलं काही दिसत नाही. एवढ्या दिवसांत आतला गर्भ मसुराच्या डाळीएवढा असतो. मी बाथरूमच्या ओल्या फरशीवर भिंतीला टेकून थोडा वेळ उभी राहिले. रडले नाही. खूप मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि त्याच्याच आत एक बारीकसं दुखणारं काहीतरी पण होतं, आणि दोन्ही एकमेकांना बाजूला सारत नव्हते. मग पाणी टाकलं.

आई सातला आल्या. पोराच्या मुठीत दहादहाच्या नोटा, तोंडाला बिस्किटाचा चुरा, नंदीचं एक शिंग मोडलेलं. तो धावत येऊन माझ्या पोटावर आदळला. मी त्याला जवळ घेतलं, आणि मॅडमनी सांगितलेले मधले काही तास होऊन गेल्यावर पाजलं पण. आईंनी गरम पाण्याची पिशवी आणून माझ्या कंबरेखाली सरकवली. काही विचारलं नाही. तीन दिवसांनी स्वयंपाकघरातून तुपाचा वास आला, जाऊन बघते तर डिंक फुलवत होत्या. खारीक, खोबरं, डिंक, सगळं घालून लाडू वळले, आणि रोज सकाळी एक माझ्या हातात देत गेल्या.

आमच्या घरी डिंकाचे लाडू थंडीतच होतात. नाहीतर बाळंतिणीसाठी.

रक्त पुढे दहा-बारा दिवस कमीजास्त चालू राहिलं. पंधराव्या दिवशी मॅडमकडे जाऊन आले, पूर्ण झालं होतं. नऊ आठवड्यांच्या आत घेतल्या तर शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त बायांचं या गोळ्यांनीच पूर्ण होतं, उरलेल्यांना नळीनं ओढून पिशवी रिकामी करून घ्यावी लागते, ते पण काही मिनिटांचं काम. पुढे मूल होणार नाही ही भीती मला कोणीतरी लहानपणापासून घालून ठेवलेली होती, त्याला काही आधार नाही. उलट मॅडमनी बजावलं की पुढचं बीज आठ-दहा दिवसांतही सुटू शकतं, त्यामुळे साधन आत्ताच ठरव. मी तांबी बसवून घेतली.

आता हे लिहिताना दुकानदाराबद्दल पण मनात येतं. त्याचा मला राग आहे, एवढ्या मोठ्या गोष्टीवर चार शब्द बोलून त्यानं तिला वाटेला लावलं. पण त्याची भीती कुठून आली हे पण मला माहीत आहे. २०१२ मध्ये बीडकडचं ते स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण झालं, त्यानंतर महाराष्ट्रात औषधदुकानांवर या पाच गोळ्यांच्या किटसाठी तपासण्या सुरू झाल्या, आणि कित्येक दुकानदारांनी कटकट नको म्हणून किट ठेवणंच सोडलं. जे ठेवतात ते आत ठेवतात, कुजबुजत विकतात. आणि नऊ आठवड्यांच्या आत सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसतच नाही, म्हणजे मुलगी नको म्हणून पाडणाऱ्याला या गोळीचा तसा उपयोग नाही. ज्या गोष्टीचा संबंध नव्हता तिची भीती या गोळीला येऊन चिकटली, आणि त्यात सापडल्या त्या अशा दुपट्टा बांधून येणाऱ्या मुली. ती लग्न झालेली होती की नव्हती मला माहीत नाही. नसेल तरी तिला डॉक्टरकडे जायचा पूर्ण हक्क होता. २०२१ मध्ये कायदा बदलला तेव्हा त्यातला नवरा जाऊन जोडीदार आला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तर स्पष्टच सांगितलं की लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. डॉक्टरनं तिचं नाव बाहेर फोडलं तर त्यालाच शिक्षा आहे. पण हे तिला कोणी सांगितलं असेल? तिला मोबाइलनं औषधाचं नाव सांगितलं, दुकानदारानं एक आणि चार सांगितलं, आणि मी काहीच नाही.

त्या रात्री गच्चीवर झोप लागेना तेव्हा मी आईंना सांगितलं. फक्त दुकानातलं. म्हटलं, अशी अशी मुलगी होती, असं विचारत होती, मला माहीत होतं पण मी बोलले नाही. आई बाजूच्या खाटेवर पडल्या होत्या, ओला टॉवेल अंगावर टाकून. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "सांगितलं काऊन नाही तिले? सांगाले काय पैसे लागत होते?"

आणि मग अंधारात त्यांनी मला काटोलकडच्या त्यांच्या गावातलं सांगितलं. त्या तेरा-चौदा वर्षांच्या असतील, म्हणजे १९६४-६५. गल्लीत एक बाई होती, चार लेकरं पदरात, पाचव्यांदा दिवस गेले. आधी कच्ची पपई खाल्ली, मग कसले कसले काढे घेतले, मग सुईणीनं काडी घातली. आईंना दोनच गोष्टी आठवतात. त्या बाईनं आदल्या दिवशी अंगणात वड्या वाळत घातल्या होत्या आणि त्या उचलायला कोणी नव्हतं म्हणून कोंबड्यांनी विखुरल्या. आणि आठव्या दिवशी तिचा जबडा आवळून गेला, तोंडात पाणी जाईना. गावात सांगितलं बाहेरचं लागलं. "साऱ्या बायाइले मालूम होतं," आई म्हणाल्या, "पन एकीनंही कोनाले सांगितलं नाही. मग पुढच्या साली तीच सुईन, तीच काडी, दुसरी बाई." त्याच काळात तिकडे दिल्लीत शांतिलाल शाह समिती बसली होती, हेच बघायला की गर्भपाताला कायद्यानं परवानगी द्यायची का, आणि त्यातून १९७१ चा कायदा आला, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. आईंना समिती माहीत नाही. त्यांना कोंबड्या आठवतात.

मिसोप्रोस्टॉल हे मुळात पोटातल्या अल्सरचं औषध होतं. त्याच्यावर लिहिलेलं असायचं की गरोदर बाईनं घेऊ नये, गर्भ पडू शकतो. १९८० च्या दशकात ब्राझीलमधल्या बायांनी ते वाचलं. तिथं गर्भपाताला कायद्याची परवानगी जवळजवळ नव्हतीच, तर एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला, आणि काड्या-सळयांनी जंतू होऊन दवाखान्यात येणाऱ्या बाया तिथं कमी व्हायला लागल्या. डॉक्टर आणि संशोधक मागून आले. मला हे कळलं तेव्हा आईंच्या खाटेचाच आवाज कानात आला, सांगाले काय पैसे लागत होते.

मी अजून त्या दुकानात जाते, दर महिन्याला, बीपीच्या गोळ्यांना. दुपट्टा बांधलेल्या मुली येतात, सॅनिटरी पॅड नेतात, सर्दीची गोळी नेतात. ती त्यातली असेल तरी मला ओळखू येणार नाही, मी फक्त डोळे बघितले होते आणि ते पण नीट नाही. म्हणून तिला त्या दिवशी सांगायचं होतं ते इथं लिहून ठेवते.

अगं, थांब. गिळायच्या नाहीत. आणि आज लगेच घेऊ पण नको, आधी शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली होती ती कॅलेंडरवर बघ आणि त्या दिवसापासून आठवडे मोज. मग डॉक्टरकडे जा. पैसे नसतील तर डागाला जा, मेयोला जा, मेडिकलला जा, नागपूरचे सरकारी दवाखाने आहेत. पिशवीतच आहे ना आणि अंगात रक्त पुरेसं आहे ना, हे त्यांना बघू दे. अठरा पूर्ण असतील तर तुझी सही पुरते, सोबत कोणी पुरुष लागत नाही. ही गोळी आणि ती ७२ तासवाली गोळी एक नाही, ती दिवस राहू नयेत म्हणून असते, ही राहिल्यानंतरची. पहिली पाण्याबरोबर घ्यायची. दुसऱ्या दिवशी किंवा परवा, डॉक्टर सांगतील त्या वेळी, चार गोळ्या, दोन इकडच्या गालात, दोन तिकडच्या, अर्धा तास. त्याच्या आधी पोटात काहीतरी घाल. मोठे पॅड आणून ठेव. खूप दुखेल, थंडी वाजेल, गाठी पडतील, ते व्हायचंच असतं. पण एका तासात दोन पॅड पूर्ण भिजले आणि पुढच्या तासात परत दोन, तर वाट बघायची नाही, दवाखाना. ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, घाण वास आला, एका बाजूला पोटात जोरात दुखलं, चक्कर येऊन पडलीस, किंवा चार गोळ्यांनंतर दिवस उलटला तरी रक्त गेलंच नाही, तरी दवाखाना. पट्टीची टेस्ट लगेच करू नको, तीन-चार आठवडे ती दोन रेषा दाखवू शकते. आणि त्या दुपारी घरी कोणीतरी असू दे. कोणीच नसेल तर दुकानापासून चौथं घर आमचं आहे, फाटकावर मधुमालतीचा वेल आहे, कडी हलकी आहे, जरा ढकललं की उघडते. मी नसले तर आई असतात.